मान वळवलेला करकोचा

जिंगदेझेनला रात्री भट्ट्या तापतात तेव्हा
आमच्या कारखान्यातले पंखे नुसता आवाज करतात.
कोबाल्टच्या वाटीला टेकून फोन उभा,
काचेचा तडा नेमका नायकाच्या कपाळावरून गेलेला.
आम्ही तिघी आणि थू दादा.
पुढ्यात चाळीस कच्च्या थाळ्या,
प्रत्येकीवर दोन करकोचे काढायचे, दोन्ही पुढे बघणारे.
नमुना तीनशे वर्षं तोच आहे, असं मालक म्हणतो.

एकतिसावा भाग.
यान थुओ घाटावर उभा.
याच घाटावरून, तिसऱ्या भागात,
गुरूचं बोलावणं आलं तसा तो उठून गेला होता,
निंग साङचं वाक्य नावेत अर्धंच राहिलं.
मागे वळला नाही. एकदासुद्धा नाही.
त्या रात्री म्याव मावशीने त्याला घातलेल्या शिव्या
इथे लिहीत नाही.

आजही घोडेस्वार आला. तीच मोहर, तेच लाल कापड.
त्याने पत्र घेतलं, फोडलं नाही.
कमरेची तलवार सोडून नावाड्याच्या पोराकडे दिली,
"जरा धर," म्हणाला,
आणि तिच्याकडे वळून विचारलं,
"मी आलो तर चालेल?"

लान उडालीच. स्टूल थाळीवर आपटलं,
थाळीची कड गेली, तिला पत्ता नाही.
"हात धरला नाही, काही नाही, नुसतं विचारलं गं!"
एकवीस वर्षांची पोर.
नुसतं विचारण्याचं मोल हिला कुठून कळलं, देव जाणे.

"अठ्ठावीस भाग लागले मेल्याला एक प्रश्न सुचायला,"
म्याव मावशी म्हणाली,
"आमचे म्हातारे तर न विचारताच गेले."

थू दादाची तक्रार वेगळी:
"मारामारी कुठाय? चार भाग झाले, एक डोकं उडालं नाही.
छपरांवरून उडणारी माणसं ही,
आता घाटावर ताटकळतायत!"
कुणी लक्ष दिलं नाही.
पण तो भट्टीकडे गेलाही नाही.

मी तिच्याकडे बघत होते.
सगळं बोलणं त्याच्याबद्दल: बदलला, निवळला, माणसात आला.
मला पहिल्या भागातली निंग साङ आठवत होती,
त्याच्या सावलीत पाऊल टाकणारी,
तो जेवला की मग जिला भूक लागायची.
बाराव्या भागात तिचा उजवा हात गेला.
पुढे हिवाळाभर ती डाव्या हाताने लाकडं फोडत राहिली,
घाव चुकत राहिले.
लान म्हणाली कंटाळा आला, पुढे ढकल.
मी ढकलू दिलं नाही.

आता वल्हं त्याच डाव्या हातात,
आणि ती उत्तर देत नाही.
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
वल्ह्यावरचं शेवाळ नखाने खरवडते.
मालिकेत इतका वेळ कुणी गप्प बसतं का?
तिथेच भाग संपला.

"दुष्ट!" लान फोनवर ओरडली.
"राहू दे उभा," मावशी म्हणाली, "उन्हात जरा तापू दे."

माझा नवरा शेनझेनला. रविवारी फोन करतो.
"पैसे पोचले?"
"पोचले."
"बाकी?"
"बाकी बरं."
अकरा वर्षं आमचा तिसराच भाग चालू आहे.
खरं सांगायचं तर नावेतून मीही उतरले नाही.

सकाळी तपासनीस आला.
सतराव्या थाळीपासून पुढे सगळ्या थाळ्यांवर
एक करकोचा मान वळवून मागे बघत होता.
"हे कुणी केलं?"
कच्चा कोबाल्ट राखेसारखा काळपट,
त्यात कुणाचा हात ओळखू येत नाही,
पण माझ्या बाह्या काळ्या होत्या.
मावशीने कुंचल्यावरची नजर उचलली नाही.
"मागून हाक आली असेल त्याला," म्हणाली.
थू दादाने तर थाळ्या उचलल्या
आणि तपासनीस बोलत असतानाच भट्टीत रचायला घेतल्या.

दुसरा करकोचा अजून पुढेच बघतोय.
त्याचं काय करायचं,
ते माझं ठरलेलं नाही.