कोनाडा

तिसऱ्या बैठकीला चहा आधी आला, नकाशा नंतर.
मी टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार कपबशा ठेवल्या,
तेव्हा कुठं वळिवड्याची ती जागा
पंख्याखाली फडफडायची थांबली.

प्रवेश पूर्वेकडून. दोन बस उभ्या राहतील एवढं पार्किंग.
अभ्यासदालन, साठ पोरांचं.
नावांची भिंत काळ्या दगडाची, आपल्याच खाणीतल्या.
उपअभियंता म्हणाले, उंच घ्या, हायवेवरून दिसली पाहिजे.
कुणीतरी म्हणालं, सेल्फी पॉइंट.
मी समासात लिहून घेतलं. माझं कामच ते.

बाळगोंडा चौगुले घसा खाकरून बोलले,
"मॅडम, माणसं जाळली ती तिकडं.
हितं त्यास्नी दूध मिळालं, शाळा मिळाली,
पोरांच्या गालावर मांस चढलं.
मग दुखवटा आमच्या गावात कशापायी?"

प्रश्न चुकीचा नव्हता.
फाइलीत होतं: बर्फातून, मग वाळवंटातून, मग बोटीनं
ही पोलिश माणसं इथल्या माळावर उतरली,
आणि त्यांच्यातल्या काहींची घरं त्या गावांत होती
जिथून आगगाड्या भरून जात
आणि रिकाम्या परत येत.
इथं मात्र पंचगंगेत पोहायला शिकत होती पोरं
त्याच महिन्यांत.
हे दोन्ही एका भिंतीवर कसं मावतं
ते कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं मला.

गांधीनगरचे कुकरेजा, कापडवाले,
एरवी फक्त सावलीच्या झाडांबद्दल बोलत. म्हणाले,
"फाळणीनंतर आम्हाला त्याच बराकी मिळाल्या.
चौकटीवर खिळ्यानं कोरलेल्या रेघा होत्या,
कुणा पोराची उंची, दर वर्षाची.
माझ्या बापानं मला तिथंच उभं केलं.
शेवटच्या रेघेच्या बोटभर खाली भरलो मी.
पुढची रेघ माझी."

मग द्रौपदा कुंभार.
ती समितीवर नव्हती.
प्रत्यक्षदर्शी हवा म्हणून नातवानं मोटारसायकलवरून आणलेली,
मागं पदराची गाठ घट्ट धरून बसलेली.
आईबरोबर अंडी विकायला जायची म्हणे छावणीत.

"एक पोरगी हुती. रुटा का रुथा, जीभ वळायची न्हाई माझी.
टपाल आलं की सगळी रांगेत,
ही रांगेच्या बाजूला.
उभी ऱ्हायची फकस्त.
जोत्याच्या दगडाच्या फटीत पाव लपवायची.
रोज मिळायचा की पोटभर! तरी बी लपवायची.
खुणेनं इचारलं, कुणाला?
चार बोटं दावली तिनं,
अन् पाचवं दुमडून धरलं मुठीत.
पाचवं कोण, ते मला अजून कळलं न्हाई.
मुंग्या लागल्या पावाला. म्या कुणाला सांगितलं न्हाई."

कलेक्टर ऑफिसच्या त्या खोलीत
कपबश्यांचासुद्धा आवाज आला नाही थोडा वेळ.
नंतर कुणीतरी विचारलं, पार्किंगचं फायनल ना?

रात्री राजारामपुरीत, जेवणाचं टेबल पुसून,
मी भिंत पुन्हा काढायला घेतली.
उंची कमी केली. हायवेवरून दिसणार नाही आता.
खाली, जोत्याच्या दुसऱ्या थरात,
एक दगड कमी ठेवला,
दहा वर्षांच्या मुलाचा हात जाईल
आणि मोठ्यांना गुडघे टेकावे लागतील एवढा.
सेल्फी पॉइंट खोडायला विसरले, खरं सांगते,
तो अजून समासात आहे.

उपअभियंत्यांनी बोट ठेवलं, "हे काय?"
कोनाडा.
"ठेवायचं काय त्यात?"
काही नाही.
"दिवा?"
नाही.
"मग एस्टिमेटमध्ये कुठल्या सदरात घालू?"

त्यांनीच शेवटी पेन काढलं.
इतर किरकोळ कामे.
नग, एक.
दराच्या रकान्यापाशी थांबले,
आणि तो रिकामाच सोडून
पान उलटलं.