सत्ताविसाव्या मिनिटाला

हळद जात नाही बोटांवरून.
स्पिरिटचा बोळा तीनदा फिरवला
तरी सातगोंडाच्या तर्जनीवर इलेक्ट्रोड टिकत नाही.
"यार्डात वीस वर्षं तोलाई केली," तो म्हणतो,
"आता आमचंच वजन घ्या."
मी टेप लावतो.
दोन बोटांना घामासाठी, मनगटाला नाडीसाठी,
आणि समोरच्या खुर्चीतल्या बिल्कीस मॅडमनाही तेच.

मग मी शेजारच्या खोलीत.
आवाज बंद ठेवायचा, अभ्यासाचा नियम:
शब्द त्यांचे, रेघा माझ्या.
निळी त्याची, तपकिरी मॅडमची.

आठवा आठवडा.
मोकळ्या हातानं तो उंची दाखवतोय,
कमरेइतकं, मग छातीइतकं. पुराचंच असणार.
रेघ मात्र पडून, मे महिन्यातल्या कृष्णेसारखी.
पाव्हण्यांना, तलाठ्याला, पंचनाम्याला
सांगून सांगून गुळगुळीत झालंय ते.

सत्ताविसाव्या मिनिटाला हात थांबला.
ओठ मिटलेले.
आणि निळी चढायला लागली.

आयर्विन पुलाचे आकडे ऐकत आम्ही वाढलो,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका;
रात्र रात्र फूट मोजतो.
तसाच बसलो, खुर्चीच्या टोकाला,
पाणी कुणाच्या दारात शिरतंय
हे न कळता.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
ग्लास पुढे सरकवला नाही.
पण अकरा सेकंदांनी तपकिरीही उठली,
थोडा वेळ दोघी चालल्या
बांधावरून पुढेमागे निघालेल्या जावांसारख्या,
मग एक उतरली,
बऱ्याच वेळानं दुसरी.

तक्त्यात रकाना असतो: चढाचं कारण.
खोकला. हालचाल. तार सैल. इतर.
'इतर'वर पेन टेकवलं,
शाईचा ठिपका पडला, तेवढंच.

तारा काढताना त्यानं विचारलं,
"मशीनला काय कळलं का ओ?"
म्हटलं, चढलं तेवढं कळलं.
"आन् उतारलेलं?"
तेही दिसलं.
"मग बरं," म्हणाला, आणि बोटांवरची जेल
शर्टाला पुसत जिना उतरला.

रात्री भाकरी मोडताना बायकोनं पाहिलं,
माझ्या अंगठ्याला पिवळा डाग.
"कुणाची हळद होती?"
म्हटलं, नाव सांगता येत नाही.
ती हसली, आमटी वाढली.
मी डाव्या हातानं उजवी नाडी धरून बसलो,
मोजायचं मात्र राहून गेलं.