दहा वाजून दहा

हंगाम लागला की मी काट्यावर बसते.
गावात या वाक्याला हसतात. मीही हसायची.
खाली साठ टनांचा लोखंडी पाट,
वर काचेची खोली, खोलीत मी, एक माइक,
आणि लाल आकडे, जे कुणाचंच ऐकत नाहीत.

ट्रॉली चढते. आकडे धावतात, थरथरतात, थांबतात.
मी बटण दाबते, चिठ्ठी निघते.
एवढंच काम. एवढ्यासाठीच
तो पहिल्यांदा कुंद्याचा बॉक्स घेऊन आला.
गेटवरच्या पोरांनी पाच मिनिटांत संपवला.
दुसऱ्यांदा म्हणाला, ट्रॉलीमागं दीड टन,
तुमच्या बापाचं काय जातंय?

तिसऱ्यांदा काहीच मागितलं नाही.
खिडकीत कोपर टेकून, अगदी घरच्यासारखं,
‘अक्का, मनीगे एष्ट गंटेक होगतीरी?’
मग मराठीतही, राहून जायला नको म्हणून,
‘घरला किती वाजता जाता म्हणलं.
रस्ता वाईट बगा. दोन्हीकडनं ऊस.’

पाच्छापुरे साहेबांनी विचारलं, शिवी दिली?
नाही.
हात लावला?
नाही.
मग?
मग, साहेब, त्यानं वेळ विचारली.

ठाण्यात हवालदारानं कन्नडमध्ये लिहून घेतलं
आणि मला वाचून दाखवलं:
सदर इसमाने आपुलकीने चौकशी केली.
आपुलकीने हा शब्द माझा नव्हता.
मला दोन्ही भाषा येतात, म्हणून कळलं.
नसत्या येत तर सही करून घरी आले असते.
तशी सही केलीच.

त्यानंतर किल्ली दोन बोटांच्या मधे धरायला शिकले.
बसव्वाच्या वस्तीवरून वळसा, चार किलोमीटर जास्त.
आरशात दिवा दिसला की तो पुढे जाईपर्यंत
स्कूटी देवळाच्या उजेडात थांबवायची.
सासूबाई म्हणाल्या, सोड ती नोकरी,
शिवणयंत्र कुठं पळून गेलंय?
वजनवहीच्या शेवटच्या पानावर
मी तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहीत गेले.
कुणाला दाखवायला, ठाऊक नव्हतं.

चौथ्यांदा आला तेव्हा थंडी मी म्हणत होती.
नंबर पुकारायला मी माइकचं बटण दाबलं होतं.
ते सोडलं नाही.

त्याचा आवाज बाहेर गेला,
एकशे दहा ट्रॉल्यांवरून, बैलगाड्यांवरून,
तीन दगडांवर भाकरी टाकणाऱ्या बायकांवरून,
चहाच्या टपरीवरून, पार गव्हाणीच्या पत्र्याला आपटून
परत आमच्याकडे आला:
‘अक्का, आज किती वाजता?’

मी नंबर पुकारते तसंच म्हणाले,
दहा वाजून दहा. निळी स्कूटी.
कालव्याच्या कडेनं, हुक्केरीचा रस्ता.
सगळ्यांनी ऐकलं?
एकशे एकोणचाळीस, पुढं या.

कुणीतरी ट्रॅक्टरवरचं गाणं बंद केलं.
एकशे एकोणचाळीस जागचा हलला नाही.
त्यानं कोपर काढलं. काचेवर घामाचा गोल राहिला,
एवढ्या थंडीत.

दहा वाजून दहाला पाय लटलटत होते, खोटं कशाला बोलू.
कालव्यापर्यंत एक रिकामा ट्रॅक्टर माझ्यामागं होता,
एकच दिवा, बैलाच्या चालीनं.
मल्लाप्पा हणबर असावा.
तो माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता,
त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मेमो आला,
ध्वनिक्षेपकाचा खाजगी वापर.
त्यावरही सही केली. मराठीत, पूर्ण नाव,
कलावती भरमा कणबरकर.

तो अजून येतो. दुसऱ्या पाळीला, म्हणतात.
किल्ली अजून बोटांतच असते.

ट्रॉली उतरली तरी आकडा लगेच शून्यावर येत नाही.
पाटावर चाकांचा चिखल उरतो, पाचट उरतं,
कधी वीस किलो, कधी तीस.
शून्य करायचं बटण आहे माझ्याकडे.
मी आधी खाली उतरते, खराटा घेते.