चढ

लिंडाल सरांनी यादी दिली होती, तीन नावांची.
पहिल्याचा पडदा रंगीत, किंमत दीडशे डॉलर.
दुसरा अक्षरांची गणितं स्वतःच सोडवतो,
म्हणून परीक्षेत चालत नाही.
तिसऱ्यापुढे सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं:
जुना मिळाला तरी पुरे. कॉलेजातही निभतो.

डुलूथमध्ये जानेवारीत पहाटे तीनला मी बर्फ ढकलते,
नगरपालिकेच्या नांगरगाडीवरून.
टेकडीचा प्रत्येक रस्ता मला चाकांतून कळतो,
कुठे ब्रेक धरेल, कुठे नाही.
पण सायमाच्या वहीतला उतार,
वर गेला की अधिक, खाली आला की उणे,
तो मला कधी कळला नाही.
दहावीतच शाळा सोडली मी. असो.

ऑर्व्हलच्या गहाणदुकानात
गिटारी, बर्फाला भोकं पाडायची यंत्रं,
कुणाच्या तरी लग्नाच्या अंगठ्या,
आणि काचेखाली चार कॅलक्युलेटर,
एकाची बटणं झिजून गुळगुळीत.
“चाळीस,” तो म्हणाला.
“पस्तीस,” मी म्हणाले, “आणि सेल तू घालायचेस.”
सायमा दाराकडे बघत उभी.
मी घासाघीस केली की तिला दार फार आवडतं.

घरी येऊन तिनं अन्वस्त काढला.
काळ्या ठिपक्यांची वाटी हळूहळू उमटली,
डावीकडून उजवीकडे,
खिडकीवर दव चढावं तशी.
खरं सांगते, मी ओव्हनमधली भाकर विसरले.

मग ती म्हणाली, “आई, आत कुणीतरी आहे.”

जुने सेल कधीच मेले होते,
पण आत एक चपटी बॅटरी असते म्हणे,
बाकी सगळं बंद पडलं तरी लक्षात ठेवणारी.
तिच्या भरवशावर दोन याद्या टिकल्या होत्या.
पहिलीत एक ते अकरा.
दुसरीत सात पूर्णांक दोन, सहा पूर्णांक नऊ,
सात पूर्णांक तीन, सात पूर्णांक नऊ...
“प्रयोगशाळेतलं काही असेल,” सायमा म्हणाली.

मी हात पुसले.
आधी थोडं उतरतं, मग चढत जातं,
हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं.
सायमा स्वतः सहा पूर्णांक चारवर आली होती
आणि मी आठवडाभर रडले होते.
“पौंड आहेत ते,” मी म्हणाले. “बाळ आहे.”

अकराव्या आठवड्याला यादी थांबते.
बाराव्यात कुणीतरी ऑर्व्हलकडे आली असेल,
बाळ कडेवर, कॅलक्युलेटर कोटाच्या खिशात.
त्यानं तिला किती दिले असतील?
पंधरा? आणि तिनं घासाघीस केली असेल का?

सायमानं ठिपके मांडले, यंत्रानं रेषा ओढली.
रेषा तशीच पुढे नेली
तर पाचव्या वर्षी बाळ एकशे सदतीस पौंडांचं.
आम्ही खूप हसलो.
“सरळ रेषा खोटं बोलत नाही,” ती म्हणाली,
“तिला फक्त थांबायचं कुठे ते कळत नाही.”
हे सरांचं वाक्य की तिचं, मी विचारलं नाही.

मे महिन्यात परीक्षा. नियम असा
की दारातच प्रत्येकाची स्मृती पुसायची.
लिंडाल सर बाकाबाकाशी जाऊन
स्वतः दोन बटणं दाबतात.
आदल्या रात्री सायमा टेबलाशी बसून राहिली,
पुढ्यात कॅलक्युलेटर, अभ्यास बंद.
मी माझी गाडीची नोंदवही पुढे सरकवली.
“वाच,” म्हणाले.
तिनं वाचलं, मी लिहिलं,
पहिल्या पानावर, डिझेलच्या हिशेबाखाली.

या हिवाळ्यात मुकादमानं वही चाळली.
“हे अकरा आकडे कुठल्या रस्त्याचे?”
“चढ आहे,” मी म्हणाले.
“पुरा मोजून झालेला नाही.”