दोन्ही ठेवा

कंपनीचा निरोप मराठीतच आला :
तुमची जागा भरली आहे.
बोडी भरली की पाणी सांडव्यावरून
खालच्या बांधीत जातं.
हे भरलं तर कुठं सांडतं, ते लिहिलं नव्हतं.
तीस तारखेनंतर पुसू, एवढंच.

अकरा वर्षं. चौतीस हजार सहाशे फोटो.
गटाच्या आम्ही चौदा बाया, फोन एकच,
जिचा हात कोरडा तिनं काढायचा.
म्हणून निम्म्या फोटोंत कुणाचं तरी बोट आलंय.

प्रणय म्हणाला, एका दमात नाही येत वो मावशी,
सत्तर तुकडे होतात.
म्हटलं, जाळं तरी कुठं एका दमात येते?
ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर बांबू उभा केला,
त्याला फोन बांधला, अर्जुनीकडं तोंड करून.
रेंज तेवढीच, आणि तीही अकरानंतर,
गावाचे व्हिडिओ बघून झाले की.
सतरावा तुकडा सत्त्याण्णव टक्क्यांवर
तीनदा मेला.
तिसऱ्यांदा लाइन गेली तेव्हा प्रणयनं जी शिवी दिली
ती मी ऐकली नाही.

नवव्या रात्री सगळं उतरलं.
उघडून बघतो तर प्रत्येक फोटोवर तारीख आजची.
खऱ्या तारखा म्हणे वेगळ्या चिठ्ठ्यांत आहेत,
प्रोग्रामनं परत बसवता येतात.
तोवर मात्र
बेशरम आजच उपटली आम्ही,
दाडक आजच परत दिसला,
आणि सत्यफुला, कमरेपर्यंत गाळात,
आजच हसते आहे कुणावर तरी.
बसव म्हटलं तारखा. पण सकाळी.

सकाळी मशीन सारखे फोटो शोधायला लागलं.
दोन समोर ठेवले, विचारलं :
हे एकच आहेत, एक काढू?
पाणी. नुसतं पाणी, कोपऱ्यात काठाचा दगड.
पहिला लावणीच्या आधीचा.
दुसरा तीन महिन्यांनंतरचा,
चिला लावून झाल्यावर,
बोट बोट मुळी चिखलात दाबून झाल्यावर.
वरून दोन्हीकडं सारखंच आभाळ.
प्रणयही म्हणाला, मावशी, सेमच तर आहे.
मी त्याला काय दाखवणार?
खाली काय आहे ते पायाला कळतं.

दोन्ही ठेवा, दाबलं.
मग बोटवालेही ठेवले सगळे,
ते भागरताचं, ते नाजुकाचं, नख काळं ते माझं.

एक डिस्क वडसाला गेली, भागरताच्या लेकीकडं.
वर्षातून एकदा लावून बघ म्हणून सांगितलंय,
बाकी काही करू नको.
दुसरी माझ्याकडं, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत,
तांदळाच्या कोठीत. तिथं ओल लागत नाही.
सकाळी पायलीनं तांदूळ काढताना
कधी कधी हात लागतो.
गार असते.