एकास सोळा

नकाशा कुठेच मिळाला नाही.
कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातले कागद
कोणी म्हणे वाळवीनं खाल्ले, कोणी म्हणे रद्दीत गेले.
खाजामियाँ तिथं तीस वर्षं फिटर होते,
ते हवेतच डबा काढून दाखवायचे,
"खिडकी इत्ती. पायदान इत्ता."
दर खेपेला मला वाटे, म्हातारा वाढवून सांगतोय.

उरला एक फोटो.
मुरूड स्टेशन, बार्शी लाइटचा उभा डबा,
दाराच्या दांडीला धरून नंदाक्का, वय एकोणीस,
नव्या पातळाचा काठ मातीला टेकलेला.

अक्काची उंची घरात सगळ्यांना पाठ होती,
चार फूट आठ. त्यावरून बोलणीही खाल्लेली तिनं.
फोटोत ती भरली अठ्ठावीस मिलीमीटर.
म्हणजे मिलीमीटरला दोन इंच,
मग सगळा डबा मी बहिणीनंच मोजला:
खिडकी अर्धी अक्का,
छत दोन अक्का आणि वर चार बोटं.

त्याआधी एक लहान करून पाहिला होता, एकास सत्याऐंशी.
खिडकीच्या झडपा पापणीएवढ्या,
शिंक आली नि एक अख्खी बाजू गेली.
मोतीबिंदूचा डोळा, लेथवर जाड झालेली बोटं,
म्हटलं, मोठा करू. एकास सोळा.
झडपेची एकेक पट्टी वेगळी कापता यावी,
दार उघडावं, कडी लागावी.

सागवानी पापुद्रा एका मोडक्या कपाटाचा.
छताला गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा,
रिबिटांसाठी कंपासचं बोथट टोक,
मागून एकेक दाबायची, दाबताना मोजायची नाहीत.
दांड्या सायकलच्या स्पोकच्या.
पायरीच्या ब्रॅकेटला छत्रीची काडी.
चाकं एमआयडीसीत जुन्या शिष्याकडं रात्री उतरवली,
त्यानं पैसे घेतले नाहीत, पण हसला.

एकच गोष्ट जमेना.
पुण्याहून आणलेला रूळ पंचेचाळीस मिलीमीटरचा,
आणि अडीच फुटाला सोळानं भागलं
की सत्तेचाळीस पूर्णांक सहा.
अडीच मिलीमीटर. कोणाला दिसणार आहे?
मला दिसायचं. जेवताना दिसायचं.

शेवटी अक्कालाच उदगीरला फोन लावला.
"अक्का, त्या फोटोत तू नक्की चार फूट आठच ना?"
"मापं कामून इचारलालास रे मन्मथा, आता?
सोयरीक आणलालास का काय?"
आणि मग खोकला येईपर्यंत हसली.
"अरे, इटंवर उभी होते मी.
पाव्हण्यांना फोटो धाडायचा होता, पोरगी ठेंगणी दिसू नये मनून
आप्पांनी रुळाच्या कडंची एक ईट आणून ठिवली,
फोटोवाल्यानं पातळ खाली वढून झाकली.
तरी ते पाव्हणे आले, पोहे खाल्ले, बुटकी मनले नि गेले."
"आणि दाजी?"
"त्यांनी फोटो कुठं मागितलता?"

फोन ठेवला. वीट साडेतीन इंच धरली.
अक्का छप्पन्न, विटेसकट साडेएकोणसाठ.
म्हणजे खरा डबा माझ्या हिशोबापेक्षा मोठा होता,
खाजामियाँची बोटं खरं सांगत होती,
आणि मी एकास सोळा म्हणून जो बांधला
तो आपोआप एकास सतरा होऊन बसला होता.
सतरानं भागलं अडीच फुटाला.
रूळ बरोबर.

रात्री साडेअकराला डबा रुळावर ठेवला.
बोट लावलं, गेला.
उंबऱ्यापर्यंत गेला, परत आणला.

आता तेवढी बाहुली राहिली, दाराशी ठेवायची.
सोळाच्या मापानंच कोरलेली, साडेतीन इंच,
निळं पातळ, हात दांडीला.
या डब्याशेजारी ती थोडी उंच होते,
किती, ते काढायची गरज नव्हती.
पायाखाली काही नाही तिच्या.
खाजामियाँ म्हणाले, "बच्ची बडी लग रही है, घिस दो."
मी पॉलिशपेपर हातात घेतला होता.
ठेवून दिला.