उणे चारचा ताळा

अर्धे आठला ये, म्हणाली होती गुनवोर.
मी गेलो साडेआठला.
इकडे अर्धे आठ म्हणजे साडेसात,
आठाकडे निघालेली, अर्ध्या वाटेवरची वेळ.
तिने कॉफी दुसऱ्यांदा तापवली. बोलली काही नाही.

शेडमध्ये दोन यंत्रं, शेजारी शेजारी.
एक तिचं, एकोणचाळीस हिवाळे जुनं,
पडद्याची काच माशांच्या तेलाने पिवळी.
दुसरं भाच्याने, आइविनने, जूनमध्ये बोडोहून आणलेलं,
अजून खोक्याच्या वासाचं.
भाषा एक. प्रोग्रॅम एक,
त्याने ओळ न् ओळ बोट ठेवून उतरवलेला.

बाहेर दांड्यांवर कॉड,
शेपटीला शेपूट बांधून जोडीजोडीने टांगलेले,
मे उजाडेपर्यंत वाऱ्याच्या हवाली.
पारा फार खाली गेला की मासा आतून उसवतो,
फार वर गेला की माशी बसते.
बेटाचं पोट या चार-दोन अंशांत.

उन्हाळाभर यंत्रांचं एकमत होतं.
पंचाहत्तर भागिले दहा: सात, बाकी पाच.
पहिल्या उण्यालाच उणीदुणी निघाली.

तापमापी म्हणाला, उणे चार दशांश.
जुनं म्हणालं: शून्य, बाकी उणे चार.
नवं म्हणालं: उणे एक, बाकी सहा.

मी माशांच्या पावतीची कोरी बाजू घेऊन ताळा केला.
शून्य गुणिले दहा, त्यातून चार गेले: उणे चार.
उणे एक गुणिले दहा, त्यात सहा आले: उणे चार.
दोन्ही जमतात, म्हणालो.
"मग चोर कोण?" आइविनने विचारलं.

चोर नाही रे.
चिन्ह तेच, आडवी रेघ, वर टिंब, खाली टिंब.
तुकडा उरला तर कुठे सरकायचं
एवढंच दोन बोलींनी वेगवेगळं ठरवलं.
एक म्हणाली शून्याकडे,
एक म्हणाली खाली.
शून्याच्या वर असेपर्यंत ही एकच वाट असते.
म्हणून जुन्या यंत्राचं शून्य असं ऐसपैस:
इकडचे नऊ दशांश, तिकडचे नऊ दशांश,
सगळे त्याच्याच पथारीवर.

"ठाऊक आहे मला," गुनवोर म्हणाली.
"शून्य दिसलं की मी बूट चढवते.
शून्याचा काय भरवसा.
जाऊन माशाच्या पोटाला अंगठा लावते.
हे नवं आल्यापासून
मी पाच रात्री झोपले."

मग?

"मग काही नाही. झोपले."

काम एका ओळीचं होतं.
बाकी उणी आली तर एक वजा कर, बाकीत दहा मिळव.
आइविन म्हणाला, जुन्यात टाक.
मी खुर्ची ओढली तेव्हा
तिचा हात आधीच कळफलकावर होता,
झोपलेल्या कुत्र्यावर ठेवावा तसा.
ती ओळ मी पावतीवरच लिहिली.
तिने घडी घालून सुऱ्यांच्या खणात ठेवली.

रात्री जाग आली.
खिडकीखाली टॉर्च, दांड्यांमधून हळूहळू सरकणारा.
मध्येच थांबला. बराच वेळ थांबला.
सकाळी विचारलं,
तिने खांदे उडवून पाव कापला.
बाकी काय निघाली, सांगितलं नाही.

बोट अर्धे दहाला, म्हणाली.
मी आपला नऊलाच धक्क्यावर जाऊन बसलो.